रायफल ठरली, काडतुसाचे काय?

भारतीय पायदळाच्या हाती २०१९ नंतर परदेशी आराखड्याच्या एक नव्हे, तर दोन नव्या रायफली आल्या. एक अमेरिकी 'सिग ७१६' आणि दुसरी रशियन आराखड्याची, पण उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे तयार होणारी 'एके-२०३'. दोन्हींच्या काडतुसाचे वर्णन '७.६२ मि.मी.' असेच केले जाते. त्यामुळे दोन्हींत एकच गोळी चालत असावी, असा सर्वसामान्यांचा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात एकीचे काडतूस दुसरीत वापरताच येत नाही. शिवाय 'इन्सास' रायफलीसाठी तीन दशकांपूर्वी स्वीकारलेले ५.५६ मि.मी.चे काडतूस अद्याप निवृत्त झालेले नाही. एका पायदळाला तीन निरनिराळी काडतुसे पुरवावी लागतात, अशी ही स्थिती आहे. ती पूर्ण विचारान्ती आली की वेळोवेळीच्या निकडीतून घडत गेली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने तर तो अधिकच, कारण या काडतुसांचे संशोधन आणि उत्पादन यांचा मोठा वाटा पुणे आणि जळगाव जिल्ह्यांत आहे.

काडतुसाच्या नावातील आकड्यांचा अर्थ आधी लक्षात घ्यायला हवा. पहिला आकडा गोळीचा व्यास सांगतो, दुसरा पुंगळीची लांबी. 'एके' मालिकेचे काडतूस ७.६२ × ३९ आहे, तर 'सिग ७१६'चे ७.६२ × ५१. व्यास जवळपास सारखाच असला तरी दुसऱ्याची पुंगळी बारा मिलिमीटरने लांब असते आणि तिच्यात दारू बरीच अधिक मावते. इन्सासचे काडतूस ५.५६ × ४५ आहे. गोळी बारीक, हलकी, पण वेगवान. या तिघांतील 'सर्वोत्तम' कोणते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मात्र तो प्रश्नच अपुरा आहे. किती अंतरावर, कोणत्या भूमीवर आणि किती दिवसांच्या लढाईसाठी, हे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

उंबरखिंड काय सांगते?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की खोपोलीपासून जवळच, खालापूर तालुक्यातील चावणी गावाच्या परिसरात उंबरखिंडीची रणभूमी आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी येथे शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान याची फौज कोंडीत पकडली. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी ही फौज संख्येने आणि सामग्रीने वरचढ होती. परंतु दाट झाडी, अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंचे चढ यांमुळे त्या सामग्रीचा काहीही उपयोग होऊ शकला नाही. खानाला शरण जाऊन, खंडणी देऊन परतावे लागले. मोकळ्या मैदानात निर्णायक ठरणारे बळ खिंडीत कुचकामी ठरले.

आधुनिक काडतुसाची निवडही याच तत्त्वावर होते. खंडाळ्याच्या कड्यावर उभे राहिल्यास खालचे खोरे कित्येक किलोमीटरपर्यंत दिसते. त्याच कड्याखालच्या रानात शिरल्यावर मात्र पन्नास पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही. कड्यावरच्या सैनिकाला लांब पल्ल्याची, वाऱ्याने न भरकटणारी जड गोळी हवी असते. रानातल्या सैनिकाला झटपट रोखता येणारी आटोपशीर रायफल आणि भरपूर काडतुसे. भारतीय लष्कराला पूर्व लडाखची उघडी पठारे, राजस्थानचे वाळवंट, काश्मीरची जंगले आणि ईशान्येतील दाट झाडी अशा सर्वच ठिकाणी उभे राहावे लागते. इतक्या परस्परविरोधी भूभागांची जबाबदारी फार थोड्या सैन्यांवर असते.

ग्रॅमांचा हिशेब

या निवडीतील सर्वांत कठोर घटक म्हणजे वजन. ५.५६ × ४५ चे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे असते. ७.६२ × ३९ चे १६ ते १७ ग्रॅमचे आणि ७.६२ × ५१ चे सुमारे २४ ग्रॅमचे. एका काडतुसापुरता हा फरक नगण्य वाटतो. परंतु सैनिकाने फक्त तीन किलो काडतुसे पाठीवर घ्यायची ठरवल्यास पहिल्या प्रकारची अडीचशे मावतात, दुसऱ्या प्रकारची एकशे ऐंशीच्या आसपास आणि तिसऱ्या प्रकारची अवघी सव्वाशे. मॅगझिनचे वजन वेगळेच. चौदा-पंधरा हजार फुटांवर, विरळ हवेत चढणाऱ्या जवानाच्या दृष्टीने हा फरक कागदावरचा राहत नाही.

उलट बाजूला शक्तीचे आकडे आहेत. नळीतून बाहेर पडताना ५.५६ च्या गोळीत साधारण १,७०० ज्यूल ऊर्जा असते, ७.६२ × ३९ च्या गोळीत सुमारे २,००० आणि ७.६२ × ५१ च्या गोळीत ३,३०० च्या आसपास. म्हणजे दुप्पट वजन वाहिले की जवळजवळ दुप्पट शक्ती मिळते. त्याबरोबर खांद्याला बसणारा धक्काही वाढतो आणि लागोपाठ गोळ्या झाडताना नेम टिकवणे अवघड होते. भारतीय लष्कराची जुनी 'एसएलआर' याच ७.६२ × ५१ काडतुसाची होती. ती चाप ओढल्यावर एकच गोळी झाडत असे, यामागे हेही एक कारण होते.

मधले, म्हणजे 'एके'चे काडतूस जवळच्या अंतरावर परिणामकारक आहे. त्याची गोळी पानाफांद्यांतून आणि पातळ आडोशातून पार जाते, धक्काही सोसता येतो. परंतु तिचा वेग कमी असल्याने तीनशे मीटरपलीकडे ती झपाट्याने खाली येते आणि अचूकतेला मर्यादा पडतात. एके-२०३ चा परिणामकारक पल्ला संरक्षण मंत्रालयानेही ३०० मीटर इतकाच सांगितला आहे.

तीनशे मीटरचे गणित

तीनशे मीटर हा आकडा या विषयात वारंवार येतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या लक्षात आले, की सैनिक हजार मीटरपर्यंत जाणारी गोळी वाहून नेतो, पण प्रत्यक्ष चकमक त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या अंतरावर होते. त्यातूनच त्यांनी ७.९२ × ३३ हे आखूड काडतूस काढले आणि 'असॉल्ट रायफल' ही कल्पना जन्मली. रशियनांनी १९४३ मध्ये ७.६२ × ३९ विकसित केले. अमेरिकी लष्करासाठी १९५२ मध्ये झालेल्या हिचमन यांच्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता, की रायफलीचा परिणामकारक उपयोग बहुतांशी तीनशे यार्डांच्या आतच होतो. तरीही 'नाटो'ने १९५४ मध्ये ७.६२ × ५१ हे पूर्ण शक्तीचे काडतूस मानक ठरवले. ब्रिटिशांनी सुचवलेले मध्यम शक्तीचे .२८० काडतूस मागे पडले. व्हिएतनाममध्ये अमेरिकेला या निर्णयाचा फेरविचार करावा लागला. तेथे ५.५६ ची 'एम-१६' आली आणि १९८० मध्ये नाटोनेही ५.५६ ला मान्यता दिली. रशिया त्याआधीच ५.४५ × ३९ कडे वळला होता.

भारताचा प्रवास या जागतिक प्रवाहामागून झाला. १९६२ मध्ये चीनविरुद्ध लढताना आपल्या जवानांच्या हाती प्रत्येक गोळीनंतर खटका ओढावी लागणारी .३०३ रायफल होती. त्या युद्धानंतर एसएलआर आली. १९८० च्या दशकात पुण्याच्या पाषाण येथील 'एआरडीई' या संरक्षण संशोधन संस्थेने इन्सास विकसित केली, ती नाटोच्या नव्या धोरणाला अनुसरून ५.५६ मि.मी.ची. हलके काडतूस, अधिक साठा आणि कमी धक्का हा त्यामागचा विचार त्या काळाशी सुसंगतच होता.

दोष कोणाचा?

इन्सासची पुढील वाटचाल मात्र खडतर ठरली. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकणे, रायफल अडकणे अशा तक्रारी आल्या. काश्मीरमधील दहशतवादविरोधी मोहिमांत जवानांनी 'एके-४७'लाच पसंती दिली. केंद्रीय राखीव पोलीस दलानेही नक्षलग्रस्त भागात इन्सासऐवजी एके मालिकेचा मार्ग धरला. यातून '५.५६ ची गोळी दुबळी आहे' असे मत रूढ झाले.

येथे एक गल्लत झाली. तडकणारी मॅगझिन हा रायफलीचा दोष होता, काडतुसाचा नव्हे. याच काडतुसावर जगातील अनेक सैन्ये दीर्घकाळ लढली आहेत. '५.५६ ची गोळी शत्रूला मारण्यासाठी नव्हे, जखमी करण्यासाठी बनवली. एक जखमी झाला की त्याला उचलायला आणखी दोघे लागतात' हे स्पष्टीकरणही आपल्याकडे सर्रास दिले जाते. हे काडतूस स्वीकारण्यामागची मुख्य कारणे वजन, वेग आणि नियंत्रण ही होती. जखमींचा युक्तिवाद त्याला मागाहून चिकटला.

अर्थात, लष्कराची तक्रार निराधार होती असे नव्हे. हलकी गोळी तिच्या वेगावर अवलंबून असते. अंतर वाढले किंवा नळी आखूड केली, की वेग घटतो आणि त्याबरोबर परिणामही. जखमी झालेला दहशतवादी माघार घेत नाही, त्याला उचलून नेणारेही कोणी नसतात आणि तो अखेरपर्यंत गोळीबार करीत राहतो. हा अनुभव काश्मीरमधून आलेला होता आणि तो खरा होता. परंतु रायफलीचे दोष, काडतुसाच्या मर्यादा आणि मोहिमेचे स्वरूप या तीन वेगळ्या बाबी एकाच तक्रारीत मिसळल्या गेल्या, की त्यावरचा उपायही गोंधळलेला निघतो.

धोरणाची चार वळणे

तो गोंधळ पुढील निर्णयांत स्पष्ट दिसतो. २०११ मध्ये लष्कराने अशा रायफलीसाठी निविदा काढली, जिची नळी बदलून ५.५६ आणि ७.६२ × ३९ ही दोन्ही काडतुसे वापरता येतील. कोणते काडतूस हवे हा निर्णय एक प्रकारे पुढे ढकलण्याचाच हा प्रयत्न होता. २०१५ मध्ये ती निविदा रद्द झाली. २०१६ मध्ये लष्कर पूर्ण शक्तीच्या ७.६२ × ५१ कडे वळले. त्यासाठी इशापूर कारखान्याने बनवलेली रायफल २०१७ च्या चाचण्यांत अपयशी ठरली. फेब्रुवारी २०१८ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने ७ लाख ४० हजार असॉल्ट रायफलींना तत्त्वतः मान्यता दिली.

त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये आघाडीवरील तुकड्यांसाठी ७२,४०० 'सिग ७१६' रायफलींचा करार झाला, तो ७.६२ × ५१ चा. पुढच्याच महिन्यात कोरवा येथील प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ एके-२०३ रायफलींचा करार झाला, तो ७.६२ × ३९ चा. जुलै २०२४ पर्यंत त्यांतील ३५ हजार रायफली लष्कराला मिळाल्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३ हजार 'सिग ७१६' मागवण्यात आल्या. २०२५ अखेरीस सव्वाचार लाख कार्बाइनचे कंत्राट पुण्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स यांना मिळाले, त्यांचे काडतूस पुन्हा ५.५६ × ४५! २०२० मध्ये इस्रायलकडून घेतलेल्या १६,४७९ 'नेगेव्ह' लाइट मशिनगन ७.६२ × ५१ च्या आहेत.

या मांडणीचे समर्थन करता येते. उघड्या, दूरच्या सीमेवर 'सिग', दहशतवादविरोधी मोहिमा आणि सर्वसाधारण पायदळासाठी 'एके', घरे-इमारतींतील निकटच्या लढाईसाठी कार्बाइन. प्रत्येक भूभागाला योग्य काडतूस. उंबरखिंडीचा धडा याहून वेगळा काय सांगतो? परंतु तुकड्या एका जागी राहत नाहीत. काश्मीरच्या जंगलातली पलटण उद्या लडाखच्या पठारावर जाते. शिवाय मशिनगनचे काडतूस रायफलीत चालले, तर अडचणीच्या वेळी एका जवानाची काडतुसे दुसऱ्याला देता येतात. 'नेगेव्ह' आणि 'सिग' यांच्यात तत्त्वतः हे शक्य आहे. 'नेगेव्ह' आणि 'एके' यांच्यात नाही. ज्या पलटणीत तिन्ही काडतुसे असतील, तिच्या पुरवठा अधिकाऱ्याला तीन हिशेब ठेवावे लागतील. रात्रीच्या अंधारात चुकीची पेटी चुकीच्या ठाण्यावर पोहोचली, तर त्या ठाण्यावरील रायफली निरुपयोगी होतात.

गडचिरोलीचे रान, मुंबईची गर्दी

लष्करापुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. गडचिरोलीत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सी-६०' पथकाची लढाई घनदाट जंगलातली. तेथे एके मालिकेचे काडतूस उपयुक्त ठरते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत दहशतवाद्यांच्या हाती हेच काडतूस होते आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या पोलिसांकडे .३०३ च्या जुन्या रायफली होत्या. एकेका गोळीची शक्ती पाहिली, तर .३०३ चे काडतूस 'एके'पेक्षा बलवान आहे. तरीही पोलीस हतबल ठरले, कारण एक गोळी झाडून दुसरी भरेपर्यंत समोरून गोळ्यांचा वर्षाव होत होता. केवळ काडतुसाच्या शक्तीवर लढत ठरत नाही, याचे याहून दुःखद उदाहरण शोधावे लागणार नाही.

गर्दीच्या शहरात आणखी एक धोका असतो. भिंत भेदून पलीकडे जाणारी गोळी सीमेवर गुण ठरते. रेल्वे फलाटावर तीच निरपराध प्रवाशाचा जीव घेऊ शकते. एआरडीईने आखूड पल्ल्यासाठी ५.५६ × ३० या काडतुसाची कार्बाइन विकसित केली, ती निकटच्या लढाईची ही गरज डोळ्यांसमोर ठेवून. तिचा परिणामकारक पल्ला शंभर मीटरहून थोडा अधिक आणि वजन तीन किलोच्या आसपास आहे. तिची काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. मात्र त्यामुळे देशातील काडतुसांच्या यादीत चौथ्या प्रकाराची भर पडली, हेही नाकारता येत नाही.

कोठार रिकामे तर बंदूक निकामी

कर्जत तालुक्यातील पेठचा किल्ला, म्हणजेच कोथळीगड, संभाजी महाराजांच्या काळात मराठ्यांचे शस्त्रागार होता. १६८४ मध्ये तो मोगलांनी घेतला. आकाराने लहान असलेल्या या गडाचे महत्त्व त्याच्या पोटातील साठ्यात होते. शत्रूने तो हेरला, यातच सर्व काही आले. शस्त्र कितीही उत्तम असले, तरी त्याची ताकद अखेर कोठारावर अवलंबून असते.

आजचे कोठार म्हणजे जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना आणि १८६९ मध्ये सुरू झालेला खडकीचा कारखाना. आयुध निर्माणी मंडळाच्या विसर्जनानंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आहेत. काडतुसाचा प्रकार बदलणे म्हणजे पुंगळी ओढण्याचे साचे, गोळीची यंत्रे, दारूचे प्रमाण, तपासणीची मोजमापे आणि युद्धासाठीचा राखीव साठा असे सारे नव्याने उभारणे. इन्सासच्या वेळी याचा अनुभव आला होता. रायफल तयार झाली, पण पुरेशी काडतुसे देशात बनत नव्हती. ती मोठ्या संख्येने इस्रायलकडून आणावी लागली आणि रायफलीचे वितरण रेंगाळले. रायफल आधी ठरली, काडतुसाची सोय नंतर, या क्रमाची ती किंमत होती.

ही चर्चा जगात अजूनही संपलेली नाही. अफगाणिस्तानातील लांब पल्ल्याच्या चकमकी आणि अधिकाधिक मजबूत होत जाणारी चिलखते यांमुळे अमेरिकेने २०२२ मध्ये ६.८ × ५१ हे नवे काडतूस निवडले. परंतु त्याच्या 'एम-७' रायफलीबरोबर सैनिकाला नेहमीच्या २१० ऐवजी १४० काडतुसेच नेता येतात, यावरून तेथेही वाद सुरू झाला. चीनने मात्र स्वतःच्या ५.८ × ४२ काडतुसावर १९९० च्या दशकापासून भर ठेवला आणि त्याच काडतुसासाठी रायफलींच्या पुढील पिढ्या घडवल्या. त्यांचे काडतूस आपल्यापेक्षा चांगले आहे की नाही, हा स्वतंत्र विषय आहे. त्यांनी एक निवडले आणि त्यावर टिकून राहिले, हा फरक अधिक मोलाचा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने पुण्यात 'उग्रम' ही ७.६२ × ५१ ची स्वदेशी रायफल सादर केली. चार किलोंहून कमी वजन आणि ५०० मीटरचा पल्ला हे तिचे वैशिष्ट्य. परदेशी रायफलीला देशी पर्याय मिळणे स्वागतार्हच आहे. तथापि पुढची खरेदी करण्यापूर्वी कोणती पलटण कोणत्या काडतुसावर, किती वर्षांसाठी लढणार आणि युद्ध लांबल्यास वरणगाव-खडकीची क्षमता त्याला पुरी पडणार काय, याचा आराखडा आधी व्हायला हवा. तीन काडतुसे ठेवायची असतील, तर तिन्हींचे उत्पादन आणि राखीव साठा त्या प्रमाणात वाढवावा लागेल. ते परवडणारे नसेल, तर एकाला निरोप देण्याचा अप्रिय निर्णय शांततेच्या काळातच घ्यावा लागेल. असे निर्णय युद्ध सुरू झाल्यावर घेता येत नाहीत. तेव्हा पेटीत जे काडतूस असेल, त्यावरच जवानाला लढावे लागते.